मिकीचे हरवलेले सूर

प्रस्तावना

१९९१ सालच्या अखेरीस ‘फँटेशिया’ नावाच्या दोन वस्तू एकाच सुमारास अमेरिकेतल्या दुकानांत आल्या. एक होती डिस्नेच्या १९४० सालच्या ॲनिमेशनपटाची व्हिडिओ कॅसेट. थोडेच दिवस विकणार, असं जाहीर करून ती बाजारात आणली होती. लोकांच्या त्यावर उड्या पडल्या आणि कोटीहून अधिक प्रती खपल्या. दुसरी होती सेगा कंपनीच्या सोळा बिटच्या यंत्रावर खेळायच्या व्हिडिओ गेमची कॅसेट. हे यंत्र उत्तर अमेरिकेत जेनेसिस नावाने आणि बाकी बहुतेक जगात मेगा ड्राइव्ह या नावाने विकलं जाई. या गेमवर समीक्षकांनी सडकून टीका केली, खेळणारेही वैतागले आणि पुढे डिस्नेकडूनच सांगणं आल्यावर सेगाने तो मागे घेतला. पुढची पानं या दुसऱ्या वस्तूबद्दल आहेत.

फसलेल्या खेळासाठी एवढी पानं का खर्च करायची, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच. चांगल्या खेळांत सगळं इतकं जुळून आलेलं असतं की काय कशामुळे जुळलं ते दिसत नाही. ‘फँटेशिया’त सांधे उघडे पडले आहेत. मोठा चित्रपट, नावाजलेलं पात्र, दमदार यंत्र, अनुभवी कंपनी असं सगळं हाताशी असताना हा खेळ का कोसळला, याचा शोध घेताना चित्रपट आणि खेळ या दोन कलांमधला फरक जेवढा स्वच्छ कळतो, तेवढा यशस्वी खेळांच्या कौतुकातून कळत नाही. मराठीत नाटक, सिनेमा आणि गाणं यांच्या समीक्षेची भक्कम परंपरा आहे, व्हिडिओ गेमच्या वाट्याला मात्र ती फार कमी आली. ती सुरू करायची तर यशापयश दोन्हींपासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी चित्रपटाकडे वळू, कारण त्याची घडण लक्षात आल्याशिवाय खेळाचं अपयश समजत नाही.

वॉल्ट डिस्ने यांना सुरुवातीला एक छोटी फिल्मच करायची होती. पॉल ड्युका या फ्रेंच संगीतकाराने १८९७ साली ग्योथेच्या एका कवितेवरून रचलेलं वाद्यवृंदाचं संगीत त्यांना आवडलं होतं. त्यातली कथा थोडक्यात अशी: जादूगाराची पाठ वळताच त्याचा शागीर्द झाडूला जिवंत करतो आणि पाणी भरायला लावतो. थांबवायचा मंत्र मात्र त्याला येत नसतो. हा शागीर्द म्हणून डिस्नेंनी मिकीला निवडलं. वाद्यवृंदाच्या संचालनासाठी लिओपोल्ड स्टोकोव्स्की आले. काम वाढत गेलं आणि खर्च सव्वा लाख डॉलरच्या वर गेला. छोट्या फिल्मने एवढे पैसे परत मिळवणं अशक्य होतं, म्हणून आणखी रचना घेऊन सबंध चित्रपटच करायचा बेत ठरला. बाख, चायकॉव्स्की, स्ट्राविन्स्की, बीथोवन, पोंकिएली, मुसोर्गस्की, शूबर्ट अशी नावं त्यात आली. फिलाडेल्फियाच्या ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये तेहेतीस मायक्रोफोन लावून बहुतेक ध्वनिमुद्रण झालं. आवाज प्रेक्षकाच्या चहूबाजूंनी यावा म्हणून ‘फँटासाउंड’ नावाची स्वतंत्र यंत्रणा उभारली गेली. १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये पहिला खेळ झाला. त्या एका थिएटरात ही यंत्रणा बसवायलाच सुमारे ८५ हजार डॉलर लागले होते. युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद होती. वीस लाखांवर डॉलर खर्चून केलेला हा चित्रपट नफ्यात यायला कितीतरी वर्षं जावी लागली.

या चित्रपटाची निर्मिती उलट्या क्रमाने झाली. एरवी चित्र तयार होतं आणि त्याला संगीत दिलं जातं. इथे संगीत आधीच पूर्ण होतं, शिवाय ते कुणा चित्रपटासाठी लिहिलेलंही नव्हतं. चित्रकारांनी त्याला चित्राची संगत केली. एखादा जाणकार तबलजी गायकाचा श्वास ओळखून ठेका धरतो, जागा आली की भरतो आणि समेला गायकाबरोबर येतो, तसं ‘फँटेशिया’तलं चित्र संगीताच्या मागे मागे चालतं.

याचा एकच नमुना बारकाईने पाहू. झाडू थांबत नाही, पाणी चढत चाललंय, तेव्हा घाबरलेला मिकी कुऱ्हाड घेऊन झाडूचे तुकडे तुकडे करतो. वाद्यवृंद शिगेला पोचून तुटतो. क्षणभर काहीच नाही. मग अगदी तळातून, बसून वाजवतात तशा जाडजूड फुंकवाद्याचा एकेक स्वर खोकल्यासारखा बाहेर पडू लागतो आणि त्याबरोबर जमिनीवरची एक काटकी थरथरते. स्वर वाढतात, दुसरं वाद्य येऊन मिळतं, तशा काटक्या उभ्या राहतात, त्यांना हात फुटतात, हातांत बादल्या येतात. पडद्यावर काय होणार ते कानाला डोळ्याआधी कळलेलं असतं. सगळा चित्रपट असा कानाच्या धाकात आहे. या भागाच्या शेवटी मिकी मंचावर चढून स्टोकोव्स्कींशी हस्तांदोलन करतो. चित्राने संगीताला केलेला तो नमस्कारच वाटतो मला.

आता खेळ. कथा अशी की मिकीचा डोळा लागला असताना जादूगाराचे सूर चोरीला जातात. ते परत आणले नाहीत तर जग मुकं होईल. जादूगाराचा लाल झगा आणि निळी टोपी घालून मिकी सूर शोधायला निघतो. पाणी, पृथ्वी, वायू आणि अग्नी अशा चार प्रदेशांतून त्याला जायचंय. वाटेत झाडू, डायनॉसॉर अशा चित्रपटातल्याच आकृत्या शत्रू होऊन सामोऱ्या येतात. त्यांच्यावर उडी मारायची किंवा जमवलेले जादूचे बुडबुडे सोडायचे आणि जागोजागी लपवलेली सुरांची चिन्हं गोळा करायची.

कल्पना वाईट नव्हती, चित्रंही बरी होती. त्या काळच्या समीक्षकांनीही पार्श्वभूमीवरच्या रंगकामाचं थोडंफार कौतुक केलं होतं. मेगा ड्राइव्हवर एका वेळी पडद्यावर साधारण चौसष्ट रंग दाखवता येत. तेवढ्यात पाण्याखालचा निळा-हिरवा अंधार उभा करणं सोपं नव्हतं आणि चित्रकारांनी तो प्रामाणिकपणे उभा केला आहे. एखादा स्थिर पडदा छापून भिंतीवर लावला तर कुणालाही आवडावा. बटणाला हात लागला की मात्र घसरण सुरू होते.

पहिला अडथळा उडीचाच आहे. मिकी शत्रूच्या डोक्यावर उतरतो तेव्हा खाली येताना खालचं बटण दाबलेलं हवं, नाहीतर इजा मिकीलाच होते. हे बटणाचं बंधन तसं गैर नाही. सेगाच्याच ‘कॅसल ऑफ इल्यूजन’मध्येही हवेत असताना बटण दुसऱ्यांदा दाबून मिकी आपटत असे. तिथे एकदा हाताला सवय झाली की झाली. ‘फँटेशिया’त बटण वेळेवर दाबूनही उडीचा भरवसा नसतो, कारण मिकी पडद्यावर दिसतो कुठे आणि खेळाच्या हिशेबात असतो कुठे, यात तफावत आहे. झग्याचा घेर मोठा, शत्रूंची अंगं लवचिक, त्यामुळे कडा नेमकी कुठे आहे ते डोळ्यांना कळत नाही. उडी बरोबर बसली असं वाटतं आणि मिकी कळवळतो. आपण चुकलो की खेळ चुकला हेच न कळणं ही अशा खेळातली सगळ्यात मोठी फसगत असते. पन्नास वेळा हरवणारा खेळ लोक आनंदाने एक्कावन्नाव्यांदा खेळतात, पण हरण्याचं कारण त्यांना दिसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट मोजदादीची. प्रदेशाच्या शेवटी पोचलं म्हणजे सुटका झाली, असं इथे नाही. पुरेसे सूर जमले नसतील तर परत फिरून शोधावे लागतात आणि ते अशा कोपऱ्यांत ठेवलेले असतात की चुकूनच सापडावेत. युरोपातल्या घरगुती संगणकांवरच्या खेळांत ही पद्धत रुळलेली होती. घरी बसून, नकाशा काढून, सावकाश खेळणाऱ्याला ती आवडायचीही. मिकीच्या ओढीने आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला मात्र ती शिक्षा झाली.

हे काम कुणा नवशिक्याचं होतं का? मुळीच नाही. खेळ तयार केला फ्रान्समधल्या ल्योंजवळच्या इन्फोग्राम्स या कंपनीने. १९८३ साली सुरू झालेल्या या कंपनीने १९८९ मध्ये ‘नॉर्थ अँड साउथ’सारखा लोकप्रिय खेळ दिला होता. ‘फँटेशिया’नंतर वर्षभरात, १९९२ साली, तिथूनच ‘अलोन इन द डार्क’ आला आणि भयकथेच्या खेळांना त्याने नवी दिशा दिली. सेगाचंही तेच. १९९० सालचा ‘कॅसल ऑफ इल्यूजन’ त्यांच्या जपानमधल्या मंडळींनी याच यंत्रावर केला होता, आणि तो आजही आवडीने खेळला जातो. त्याच्या यशामुळेच मिकीचा पुढचा खेळ लवकर हवा झाला. गुण होते, यंत्र होतं, वेळ नव्हता. चित्रपटाच्या कॅसेटबरोबर, नाताळच्या खरेदीत खेळही दुकानात असायला हवा, हा हिशेब ठरल्यावर उडी नीट करायला लागणारे महिने कुठून येणार? अमेरिकेत या हिशेबाचा सगळ्यात गाजलेला बळी त्याआधी नऊ वर्षांपूर्वीच गेला होता. १९८२ च्या नाताळसाठी अटारीने ‘ई.टी.’ चित्रपटावरचा खेळ जेमतेम पाच आठवड्यांत करून घेतला आणि पुढे न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डोच्या उकिरड्यात पुरल्या.

तरीही एवढ्या कारणांवर थांबलं तर ‘फँटेशिया’ घाईत उरकलेल्या अनेक खेळांपैकी एक ठरतो. त्याचं खरं दुखणं मला संगीतात दिसतं.

मेगा ड्राइव्हमध्ये यामाहाची एक ध्वनिचिप होती, ती एका वेळी सहा स्वररेषा वाजवू शके. जोडीला एक साधी चिप, तिच्या आणखी चार. स्टोकोव्स्कींच्या वाद्यवृंदापुढे हे काहीच नाही, म्हणून खेळातलं संगीत किरटं वाटणारच, असा बचाव केला जातो. मला तो पटत नाही. त्याच वर्षी, त्याच यंत्रावर युझो कोशिरो यांनी ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’ला जे संगीत दिलं ते आजही ऐकलं जातं. त्या चिपचा खरखरीत, धातूसारखा आवाज ओळखून त्यांनी त्याच्या अंगाने रचना केली. ‘फँटेशिया’त मुसोर्गस्की आणि ड्युका यांच्या रचनांचे तुकडे आहेत तसे उतरवून चिपकडे सोपवलेले ऐकू येतात. तुकडा संपला की पहिल्यापासून पुन्हा सुरू होतो. आपण पाण्यात बुडत असू, खांबामागे उभे असू किंवा हरवलेला सूर तिसऱ्यांदा शोधत असू, त्या तुकड्याला त्याचं काही नाही.

चित्रपटात चित्र संगीताची संगत करतं, हे आपण पाहिलं. खेळात मुख्य गायकाची जागा खेळणाऱ्याच्या हाताची असते. तो थांबतो, मागे वळतो, मरतो, पुन्हा येतो. त्याच्या या लहरींची संगत संगीताने करायला हवी, नाहीतर उलट खेळणाऱ्याला संगीताच्या तालावर चालायला लावायला हवं. ‘फँटेशिया’ने दोन्हींतलं काहीच केलं नाही. संगीत एकीकडे वाजत राहतं आणि खेळ दुसरीकडे चालतो. समेवर कुणीच येत नाही.

यात सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती खेळाच्या कथेमुळे. सूर चोरीला गेले आहेत, जग मुकं होणार आहे असं आपल्याला सांगितलं जातं आणि पहिल्या पावलापासून भरभरून संगीत वाजत असतं! मिकी एक सूर उचलतो, कोपऱ्यातला आकडा बदलतो, ऐकू काहीच वेगळं येत नाही. कल्पना करा, मिकी शांततेत चालायला लागला असता. पहिला सूर मिळाल्यावर तळाचं एकच वाद्य आलं असतं, दहाव्या सुराला बासरी, विसाव्याला व्हायोलिनं, आणि प्रदेश संपताना सबंध रचना. मग कोपऱ्यातला सूर शोधायला कंटाळा आला नसता, कानालाच त्याची ओढ लागली असती. चित्रपटातल्या त्या थरथरणाऱ्या काटकीची सर बटणाला आली असती. हे यंत्राच्या आवाक्याबाहेरचं होतं असंही नाही. निन्टेंडोच्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये मारिओ योशी नावाच्या डायनॉसॉरच्या पाठीवर बसला की चालू धुनीत तालवाद्य येऊन मिसळतं, उतरला की जातं. तो खेळ १९९० सालचा आहे. यंत्र वेगळं असलं तरी एक स्वररेषा मुकी ठेवून योग्य वेळी खुली करणं हे काम सहा रेषांच्या चिपवरही होण्यासारखं होतं.

खेळ मागे का घेतला गेला, याची हकिकत त्या काळी सेगात निर्माता असलेल्या स्कॉट बेलेस यांनी पुढे सांगितली. त्यांच्या म्हणण्यानुसार ‘फँटेशिया’चा परवाना मुळात चुकीने दिला गेला होता. या चित्रपटाचा असा वापर करायचा नाही, असं वॉल्ट यांचं धोरण होतं. वॉल्ट १९६६ साली गेले. त्यांचे पुतणे रॉय ई. डिस्ने कंपनीत ॲनिमेशनची बाजू सांभाळत होते आणि ‘फँटेशिया’ हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. त्याचा पुढचा भाग काढायचं त्यांनी मनात घेतलं होतं. तो ‘फँटेशिया २०००’ या नावाने १९९९ मध्ये आला. खेळ हाती आल्यावर त्यांनी तो बंद करायला लावला. रॉय यांची चीड मी समजू शकतो. एखाद्या कृतीवर जीव असलेल्या माणसाला तिचं नाव अर्धवट कामावर लागलेलं सहन होत नाही.

पण मागे घेतल्याने एक नुकसान झालं, आणि ते मला खेळाच्या दोषांहून मोठं वाटतं. चुकलेलं काम नजरेआड झालं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे मिळत नसल्याचं आढळलं. गाजलेले खेळ नव्या यंत्रांवर पुन्हा येतात. ‘फँटेशिया’सारख्यांसाठी कुणी वकिली करत नाही. जुन्या कॅसेट जमवणारे आणि जुनी यंत्रं चालू ठेवणारे हौशी लोक नसते तर आज त्यावर लिहिणं शक्य झालं नसतं. आपल्याकडे तर नव्वदच्या दशकात घरोघरी जो टीव्ही गेम आला तो बहुतांशी निन्टेंडोच्या आठ बिटच्या यंत्राची नक्कल होता. मेगा ड्राइव्ह फार थोड्यांनी पाहिला. म्हणून बहुतेक मराठी वाचकांना या खेळाची ही पहिलीच ओळख असेल.

या खेळानंतर दोन वर्षांनी डिस्नेने वाट बदलली. १९९३ च्या मेगा ड्राइव्हवरच्या ‘अलादीन’साठी डिस्नेच्या ॲनिमेशन कलाकारांनीच हालचाली रेखाटल्या, आणि हाताला चित्रपट जाणवतो म्हणजे काय ते लोकांना कळलं. ‘फँटेशिया’चं ऋण फेडायला मात्र २०१४ साल उजाडावं लागलं. हार्मोनिक्स या कंपनीच्या ‘फँटेशिया: म्युझिक इव्हॉल्व्ह्ड’मध्ये खेळणारा हवेत हात फिरवून संगीत चालवतो. तिथे खेळणाऱ्याला संगीताच्या मागे चालायला लावलं आहे आणि म्हणूनच तो नावाला जागतो.

पुढच्या प्रकरणांत चारही प्रदेशांची एकेक करून ओळख आहे: कुठे काय ठेवलं आहे, कोणता भाग चित्रपटातल्या कुठल्या दृश्यावरून घेतला आणि तो घेताना काय सुटलं. दोष सांगताना मी हात आखडता घेतलेला नाही. जिथे चित्रकाराचं काम चांगलं आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे. ‘फँटेशिया’ हा वाईट खेळ आहे, हे माझं मत लिहून झाल्यावरही बदललेलं नाही.

वाचकांना एक विनंती आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी चित्रपटातला मिकी आणि झाडूचा भाग बघा. दहाएक मिनिटांचाच आहे. आवाज मोठा ठेवा, आणि काटकी हलायच्या आधीचा तो पहिला जाड स्वर कुठे लागतो तेवढं ध्यानात ठेवा. पुढची सगळी प्रकरणं तो स्वर तुम्ही ऐकला आहे असं धरूनच लिहिली आहेत.